दोष आईचा नव्हे!

लहान मुलाच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढल्याचे आढळले की उपदेशाचा पहिला मारा होतो तो आईवर. तिने डब्यात काय दिले, लाड किती केले, याची झडती घेतली जाते. बाजार आणि सरकार मात्र सहीसलामत सुटतात. हा युक्तिवाद जितका सोयीचा, तितकाच खोटा आहे.

पहिली गोष्ट, काही मुलांना हा विकार जन्मतःच मिळतो. सुमारे अडीचशे माणसांत एकाला तो आनुवंशिकतेने लाभलेला असतो. रक्तातील घातक कोलेस्टेरॉल शोषून घेणारी यकृताची यंत्रणाच अशा मुलांत अपुरी असते. या यंत्रणेच्या शोधाबद्दल ब्राऊन व गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अशा मुलाने तळण-तूप वर्ज्य केले तरी तेवढ्याने भागत नाही. साधारणतः आठ-दहा वर्षांच्या वयापासून स्टॅटिन हे औषध सुरू करावे लागते. १९७० च्या पेटंट कायद्याच्या छत्राखाली वाढलेला देशी औषधउद्योग ते स्वस्तात बनवतो. अडते ते निदानापाशी. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा ठरलेल्या तीस व्याधींच्या यादीत या विकाराला स्थान नव्हते.

सरसकट तपासणी गरीब देशाला परवडणार नाही, असे उत्तर मिळेल. पण सरसकट तपासणी मागतो कोण? तिच्याविषयी अमेरिकेतील तज्ज्ञांतही मतभेद आहेत. मागणी एवढीच की, ज्या घरातला कर्ता ऐन उमेदीत हृदयविकाराने गेला, त्या घरातील मुलांचे रक्त सरकारी दवाखान्यात मोफत तपासले जावे.

दुसरा प्रश्न अन्नाचा. २०१६–१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले खुरटलेली आढळली; त्याच सर्वेक्षणात ५ ते ९ वयाच्या ३४ टक्के मुलांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबी प्रमाणाबाहेर निघाली. डाळ, दूध, फळे आवाक्याबाहेर आणि मैदा, साखर, पामतेल मात्र पाच रुपयांच्या पाकिटात दारोदार! कुपोषणाची ही दोन्ही रूपे एकाच नफेखोरीची अपत्ये आहेत.

चिलीने २०१६ पासून अशा पाकिटांवर काळे इशारे छापायला लावले आणि शाळांत त्यांची विक्री बंद केली. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ च्या मसुद्यात त्यांना तारे बहाल करण्याचे योजले. धोक्याला इशारा हवा की शाबासकी? आईला जाब विचारण्यापूर्वी सत्ताधाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.