परीक्षा कोणाची?

अभिमन्यू धारातीर्थी पडला तेव्हा उत्तरा गर्भवती होती. युद्ध संपले, तोच पांडवांचा वंश खुंटावा म्हणून अश्वत्थाम्याने तिच्या गर्भावर अस्त्र सोडले. यथाकाल मूल जन्मले, ते निष्प्राण. आश्वमेधिक पर्वात कुंती, सुभद्रा आणि स्वतः उत्तरा यांचा श्रीकृष्णापुढील आक्रोश विस्ताराने आला आहे. त्या क्षणी भगवंताने उत्तरेला ‘तुझे कोठे चुकले?’ असे विचारले नाही. आपण थट्टेतही असत्य बोललो नसू, रणात पाठ दाखविली नसेल, तर हे बालक जगो, असे म्हणून त्याने स्वतःचे सत्य पणाला लावले. कुळ परिक्षीण झाले असता जन्मलेले ते बाळ म्हणजे परीक्षित.

हा भाग पुन्हा वाचावयास घेतला, त्याला घरचेच कारण घडले. आमच्या लेकीला पहिल्यांदाच दिवस गेले आहेत. २० व्या आठवड्यातील सोनोग्राफीत वार खाली, गर्भाशयाच्या मुखाजवळ असल्याचे निदान झाले. २६ व्या आठवड्यात ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीत दोन तासांनंतरची साखर १४० च्या वर निघाली. त्याच महिन्यात जावयाच्या कंपनीने माणसे कमी केली आणि त्यांत त्यांचेही नाव होते. एका सायंकाळी लेक मला म्हणाली, “बाबा, माझ्याच वाट्याला हे का? माझं काही चुकलं का हो?”

या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो. सुशिक्षित, कमावती मुलगी. तिच्या मनात हा प्रश्न कोणी पेरला? बहुधा आम्हीच. ‘फार दगदग केलीस’, ‘गोड खाल्लेस’, ‘कोणाची दृष्ट लागली’ ही वाक्ये आपल्या घरांत मायेनेच उच्चारली जातात, पण ती रुततात आरोपासारखी. वस्तुस्थिती अशी की, मध्यावर खाली दिसलेली वार गर्भाशय वाढत जाते तशी बहुतेकींच्या बाबतीत वर सरकते. गरोदरपणातील मधुमेह पेढ्यांनी होत नाही. वारेतून स्रवणारी संप्रेरके इन्सुलिनचे काम अडवितात आणि काहींच्या शरीराला त्यावर मात करता येत नाही. आहार, चालणे, प्रसंगी इन्सुलिन यांनी ती साखर ताब्यात ठेवता येते. पुढे मात्र बाळंतपणानंतरही तपासण्या चुकवून चालत नाही.

अलीकडे गर्भसंस्कारांची चर्चा फार होते. वर्ग निघाले, ध्वनिफिती निघाल्या. त्यांना माझा विरोध नाही. परंतु जन्मापूर्वीच्या तीन संस्कारांपैकी सीमन्तोन्नयनाकडे पाहा. त्यात कर्ता पती आहे. पत्नीचा भांग त्याने आपल्या हाताने काढावयाचा आहे. आज मात्र सारा भार गर्भवतीवर. तिनेच प्रसन्न राहावे, तिनेच स्तोत्रे ऐकावीत, आणि काही बिनसले तर उत्तरही तिनेच द्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२ टक्क्यांहून अधिक गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या. ज्या घरात सून सर्वांच्या मागून, उरलेले जेवते, त्या घराने गर्भसंस्काराचे नाव कोणत्या तोंडाने घ्यावे?

माझे स्पष्ट मत आहे की, संकटात श्रद्धा टिकविण्याची जबाबदारी पोटुशीपेक्षा तिच्या भोवतालच्यांची अधिक आहे. आमच्या विहीणबाईंनी हे मला शिकविले. डोहाळजेवणात झाकल्या वाट्यांतून पेढा की बर्फी ओळखण्याचा खेळ असतो. त्यांनी तो वगळला, कोणाला कारणही सांगितले नाही. साखरेचे निदान झाल्या दिवसापासून त्यांनी स्वतःचा चहादेखील बिनसाखरेचा केला. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, भरपूर पालेभाजी सर्वांच्याच ताटात. नोकरी गेलेले जावई डॉक्टरांना विचारून रोज जेवणानंतर तिला घेऊन हळूहळू फेऱ्या घालतात. नव्या नोकरीसाठी मुलाखती चालू आहेत. अजून जमलेले नाही.

आमच्या आईने मारुतीला नवस बोलला आहे. त्याला मी हसत नाही. मात्र ‘हिने ग्रहण पाळलं होतं ना?’ असे ती दोनदा विचारती झाली, तेव्हा मी जरा रागावलोच. मग सगळे बाहेर आले. माझ्या जन्मापूर्वी तिचा पहिला गर्भ तिसऱ्या महिन्यात गेला होता. ग्रहणात तिने विळीवर भाजी चिरली होती, म्हणून. सासूबाईंनी तसे सांगितले आणि तिने ते साठ वर्षे मनात जपले. मला, तिच्या मुलाला, हे ठाऊकच नव्हते.

पुढच्या तपासणीला मी तिला सोबत नेले. लेकीचे झाल्यावर डॉक्टर बाईंनी तिचे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि समजावले की, सुरुवातीच्या काळात जाणाऱ्या गर्भांपैकी जवळजवळ निम्म्यांत गुणसूत्रांचाच दोष असतो, तो बहुधा गर्भधारणेच्या वेळीच घडलेला. भाजी चिरण्याशी त्याचा संबंध नाही. आई थोडा वेळ गप्प बसली.

“म्हणजे माझ्याकडून काही झालं नव्हतं?”

“नाही, आजी.”

लेकीने तिचा हात धरला होता. ३२ व्या आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी आहे. आई म्हणते, मीही येणार.