विहिरी भरल्यावरचे पाणी मोजा

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात सास्तूर-किल्लारीची घरे बसली, ती खालची माती पातळ झाली म्हणून नव्हे. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचा माळवदाचा बोजा यांनी माणसे गाडली. त्यामुळे धाराशिवात मातीच्या द्रवीकरणाचा विषय निघाला की ‘ते कच्छ-बिहारचं दुखणं, आपल्याकडे खाली कातळ आहे’ असे उत्तर मिळते.

बरेचसे खरेही आहे ते. द्रवीकरणाला सैल, रेताड आणि पाण्याने भरलेला थर लागतो. हादऱ्याने कण दाटू पाहतात, मधल्या पाण्याला निघायला सवड मिळत नाही, त्याचा दाब चढतो आणि जमीन भार पेलेनाशी होते. आपली चिकण काळी माती फुगते, भेगाळते, पाया उचलते. पण अशी वाहत नाही. किल्लारीच्या संशोधन-बोअरमध्ये सुमारे 338 मीटर बेसाल्ट लागला. अख्खा जिल्हा एकाच रंगात रंगवणारा नकाशा म्हणूनच मला निरुपयोगी वाटतो. असे थर शोधायचे ते चिंचोळ्या पट्ट्यांत: तेरणा, मांजरा, सीनाकाठचा गाळ, ओढे बुजवून पाडलेले प्लॉट आणि मातीच्या धरणांचा पाया. 2001 च्या भूकंपात कच्छमधली चांग, टप्पर, सुवी ही धरणे भेगाळली, खचली, त्यात पायाखालच्या ओल्या गाळाचा मोठा वाटा होता. धरणाच्या गाभ्याखालचा खंदक कातळापर्यंत नेतात. बाजूच्या भरावाखाली जुना नदीगाळ राहिला असेल, तर बोअर तिथे हवा.

बोअरमध्ये 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा सोडतात आणि नळी 30 सेंटिमीटर उतरायला किती ठोके लागले ते मोजतात. ओल्या रेतीत नळी आठ-दहा ठोक्यांत उतरली की सावध व्हायचे. पण ठोके मोजून भागत नाही, पाण्याची पातळीही धरावी लागते, आणि माझा आग्रह इथेच आहे. मे महिन्यात आपल्या विहिरींचा तळ दिसतो. तेव्हा घेतलेल्या बोअरच्या अहवालात ‘पाणी लागले नाही’ असे येते आणि धोका हिशेबातूनच गळतो. 1993 चा भूकंप मात्र गणेश विसर्जनाच्या रात्री, पावसाळा सरताना आला. माकणीच्या निम्न तेरणापासून गावोगावच्या पाझर तलावांपर्यंत जलसंपदा आणि जलसंधारण विभागांनी हिशेब मांडावा तो सप्टेंबरअखेरची पातळी धरून, आणि ते आकडे खालच्या गावांच्या ग्रामपंचायतींत लावावेत.