सागरतळाला हवेत अभ्यासक
जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या बारा दुर्गांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे सागरी दुर्गही आहेत. अभिमान रास्तच, परंतु जयघोषाने सागरतळाचे संशोधन होत नाही. लोथलची गोदी उजेडात आणणाऱ्या डॉ. एस. आर. राव यांनी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून द्वारकेच्या समुद्राचा शोध घेतला, तो शास्त्राच्या बळावर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. त्याला पाणबुड्याच्या प्रशिक्षणाची जोड हवी. शासनाने अशा अभ्यासकांसाठी पदे निर्माण करावीत आणि पालकांनी अभियांत्रिकी-वैद्यकापलीकडे पाहावे. आपला सागर आपण अभ्यासला नाही, तर त्याचा इतिहास परक्यांच्या लेखणीतूनच वाचावा लागेल.