गोळी विसरते कोण?

उच्च रक्तदाबाचा रुग्ण बेफिकीर असतो, बरे वाटू लागले की गोळी सोडतो आणि पुढे पक्षाघाताने अंथरुणाला खिळला की सरकारी इस्पितळावर भार होऊन पडतो, असे निदान हल्ली सर्रास केले जाते. आरोग्यखात्याचे फलक हेच सांगतात. दर वर्षी १७ मे रोजी साजऱ्या होणाऱ्या जागतिक उच्च रक्तदाब दिनाच्या भाषणांतही हाच सूर असतो. रुग्णाला शिस्त लागली की प्रश्न सुटला, असा या उपदेशाचा मथितार्थ. वैद्यकीयदृष्ट्या त्यात खोट नाही. खोट आहे ती त्यामागच्या समाजदृष्टीत.

नियम कोणते, ते आधी पाहू. हा विकार बहुधा लक्षणे दाखवत नाही; म्हणून दाब मोजल्याखेरीज तो कळत नाही आणि बरे वाटते म्हणून औषध थांबवता येत नाही. गोळी दाब ताब्यात ठेवते, विकार मुळापासून काढत नाही. त्यामुळे ती बहुतेकांना जन्मभर घ्यावी लागते. एखाद्या दिवशी राहिली तर आठवताच घ्यावी, पण दुसऱ्या दिवशीची वेळ येऊन ठेपली असेल तर दोन एकदम घेऊ नयेत. पायांवर सूज आली, कोरडा खोकला लागला किंवा उठताना भोवळ आली, तर डॉक्टरांकडून औषध बदलून घ्यावे. परस्पर बंद करू नये, कारण काही औषधे एकाएकी थांबवल्यास दाब उसळतो. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल यांसारखी औषधे गर्भारपणात चालत नाहीत. अंगदुखीच्या गोळ्या विचारल्यावाचून घेऊ नयेत. त्या दाब वाढवतात आणि रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर मूत्रपिंडाला इजा करतात.

ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात यावी. यातील प्रत्येक नियम पाळण्यासाठी रुग्णाच्या पाठीशी कोणीतरी उभे असावे लागते: दाब मोजणारा कर्मचारी, विचारता येईल असा डॉक्टर आणि महिन्याच्या महिन्याला न चुकता मिळणारी गोळी. हे तिन्ही जिथे नाहीत, तिथे नियम सांगणे म्हणजे विहीर न खणता पाणी गाळून पिण्याचा सल्ला देणे होय.

बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुकचा परिसर या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा बागायती पट्टा. शेजारीच सोमेश्वर सहकारी साखर कारखाना. सहकाराने येथे आणलेली समृद्धी कोणी नाकारणार नाही. परंतु दिवाळीच्या सुमारास या पट्ट्यात आणखी एक वस्ती उभी राहते. मराठवाड्यातून आणि नगर भागातून आलेली ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे शेताकडेला, माळावर कोप्या घालून हंगाम संपेपर्यंत राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पहाटेच्या अंधारात फडात शिरायचे आणि वाहन आले की रात्री-अपरात्री मोळ्या भरायच्या.

या कोयत्यातील पन्नाशीच्या पुरुषाला उच्च रक्तदाब आहे आणि गावाकडच्या आरोग्यकेंद्रातून त्याला महिन्याची गोळी मिळते, असे समजा. यात असाधारण काही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के व्यक्तींचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्यांना त्यावरील औषध चालू होते. महिन्याची गोळी घेऊन निघालेल्या या मजुराचे औषध दुसऱ्या महिन्यात संपते. नाव गावच्या केंद्रात, माणूस दीड-दोनशे किलोमीटरवर. जवळच्या केंद्रात जायचे तर दिवस मोडतो. दिवस मोडला की खाडा पडतो आणि खाड्याचा भुर्दंड उचलीच्या हिशेबात चढतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर गोळीची किंमत म्हणजे पाकिटावर छापलेला आकडा नव्हे. त्यात गाडीभाडे आले, बुडालेली मजुरी आली आणि मुकादमाची नाराजीही आली. ही एकूण किंमत ज्याला परवडत नाही त्याला विस्मरणाचा रोगी ठरवणे हा उपदेशकाचा सोयीस्कर भ्रम आहे.

स्त्रीची अवस्था याहून बिकट. रक्तदाबावर दिल्या जाणाऱ्या औषधांत क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी गोळीही असते. फडात शौचालय नाही, आडोसा नाही. कित्येक बायका त्यामुळे पाणीच कमी पितात. अशा बाईने ती गोळी टाळली तर त्याला अडाणीपणा म्हणता येणार नाही. तिने आपल्या परिस्थितीचा चोख हिशेब मांडलेला असतो. आणि तिने ती घेतलीच, वर उन्हात पाण्यावाचून राबली, रात्री कंबरदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळी आणली, तर धोका मूत्रपिंडांवर येतो. ऊसतोड स्त्रियांच्या आरोग्याची उपेक्षा किती खोल आहे, हे महाराष्ट्राला २०१९ मध्ये कळून चुकले आहे. बीड जिल्ह्यातील पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ज्या व्यवस्थेला पाळीच्या दिवसांचा खाडा सोसवत नाही, ती रक्तदाब मोजण्यासाठी अर्धा दिवस मोकळा देईल, ही आशा भाबडी आहे.

दुसरा धोका स्थानिक बागायतदाराच्याही घरात शिरलेला आहे. तो म्हणजे व्यापारी नावांचा बुजबुजाट. अ‍ॅम्लोडिपिन हे एकच औषध बाजारात असंख्य नावांनी विकले जाते. एका डॉक्टरने एका नावाने लिहिले, दुसऱ्याने दुसऱ्या नावाने. पाकिटावरील मजकूर इंग्रजीत. म्हातारा माणूस दोन्ही इमानाने घेतो आणि दुप्पट मात्रेने भोवळ येऊन पडतो. येथे त्याने प्रत्येक नियम पाळलेला असतो!

यावरील उपाय नवा नाही. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ सालीच व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करून औषधे मूळ नावाने विकावीत, अशी शिफारस केली होती. औषधकंपन्यांनी ती कधीच पुरती अमलात येऊ दिली नाही. २ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांनी मूळ नावानेच औषध लिहावे, असे विनियम काढले आणि २३ ऑगस्टला ते स्थगितही केले. ४८ वर्षांची प्रतीक्षा आणि ३ आठवड्यांचे आयुष्य! मूळ नावाच्या औषधाच्या दर्जाची हमी नाही, असा युक्तिवाद त्या वेळी झाला. दर्जाची शंका खरी असेल तर शासनाने तपासणीयंत्रणा बळकट करावी. व्यापारी नावाने दर्जा सिद्ध होत नाही. जाहिरातीचा खर्च तेवढा वसूल होतो.

किमतीचेही तसेच. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाऐवजी केवळ प्रक्रियेला संरक्षण दिले, म्हणून भारतीय कारखान्यांना परदेशी मक्तेदारांची औषधे निराळ्या प्रक्रियेने स्वस्तात बनवता आली. २००५ मध्ये ते दार बंद झाले. २०१३ च्या किंमत-नियंत्रण आदेशाने उत्पादनखर्चाचा पाया सोडून बाजारभावाची सरासरी हाच आधार धरला. एप्रिल २०२३ मध्ये नियंत्रित औषधांच्या किमतीही १२ टक्क्यांहून अधिक वाढवण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. ज्या देशातील सर्पगंधेच्या मुळीवर मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी केलेल्या अभ्यासामुळे १९४९ मध्ये साऱ्या जगाचे लक्ष रक्तदाबाच्या औषधाकडे वेधले गेले, त्या देशातील श्रमिकाला साधी गोळी सलग मिळू नये, यासारखी विटंबना दुसरी नाही.

हे सारे अशक्यप्राय आहे, शासनाजवळ पैसा नाही, असे म्हणणाऱ्यांनी कोऱ्हाळ्याहून फार दूर जाऊ नये. नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील जे पहिले जिल्हे निवडले गेले, त्यांत सातारा होता. या उपक्रमाने रुग्णाला उपदेश पाजण्यापेक्षा व्यवस्थेला शिस्त लावली. निवडक औषधांचा एकच साधा उपचारक्रम, त्यांचा अखंड साठा, परिचारिका व आरोग्यसेवकांवर सोपवलेली देखरेख, घराजवळच्या केंद्रात औषध आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, ही त्याची सूत्रे. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेने या कामाचा गौरव केला. तामिळनाडूने १९९४ मध्ये स्वतंत्र औषधखरेदी महामंडळ उभारून पुरवठ्याचा प्रश्न पुष्कळ अंशी सोडवला. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्यविभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले, हे स्वागतार्हच. पण कपाट रिकामे असेल तर मोफत या शब्दाला अर्थ उरत नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. हंगामाला निघण्यापूर्वी प्रत्येक ऊसतोड मजुराचा रक्तदाब गावीच मोजला जावा. ज्याचा दाब ताब्यात आहे त्याला किमान तीन महिन्यांचे औषध हाती मिळावे. त्याची औषधपत्रिका राज्यातील कोणत्याही सरकारी केंद्रात चालावी. शिधापत्रिका देशभर चालते, तर औषधपत्रिकेला जिल्ह्याची वेस का आडवी यावी? गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून १० रुपये घेऊन गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ चालवण्याची तरतूद आहे; त्या निधीतून कोप्यांपर्यंत आठवड्याला आरोग्यपथक जावे, आणि फडाजवळ शौचालय व पिण्याचे पाणी पुरवणे कारखान्यांवर बंधनकारक करावे. औषधाच्या पाकिटावर मूळ नाव मोठ्या मराठी अक्षरांत असावे. प्रत्येक केंद्राच्या दारावर औषधसाठ्याचा फलक लागावा.

कार्यकर्त्यांना यासाठी वरून आदेश येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या हंगामात कोप्यांवर जाऊन कोणाची गोळी कधीपासून बंद आहे आणि का, याची नोंद करता येईल. ती घेऊन ग्रामसभेत, आरोग्यकेंद्रात आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत उभे राहता येईल. रुग्णांना गोळीची आठवण अवश्य करून द्यावी. पण जे खाते औषधाचा साठा भरायला विसरते, जो कारखाना आपल्या मजुराला विसरतो आणि जे सरकार स्वतःच नेमलेल्या समितीची शिफारस विसरते, त्यांच्या स्मरणशक्तीवरचा इलाज आधी व्हायला हवा. तो संघटित माणसांच्या हाती आहे.