पाठीवर सौर घट असलेला फोन घ्यावा का?

सूर्यप्रकाश फुकट मिळतो, मग फोनच्या पाठीवरच सौर घट बसवले की चार्जरची आणि विजेची कटकट कायमची मिटली, असे तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल. असे फोन केवळ कल्पनेतले नाहीत. २००९ साली सॅमसंग कंपनीने भारतात ‘सोलर गुरू’ नावाचा साधा फोन तीन हजार रुपयांच्या आत विकायला आणला होता. पुढे २०१८ साली रशियातील कॅव्हियार या कंपनीने दुसरे टोक गाठले. तिने ॲपल कंपनीचा आयफोन एक्स घेतला, त्याच्या पाठीवर सौर पट्टी बसवली, त्याला ‘टेस्ला’ हे नाव दिले आणि चार हजार डॉलरांहून अधिक किंमत लावली. म्हणजे त्या वेळच्या दराने अडीच लाख रुपयांच्या वर!

या दुसऱ्या प्रकारच्या फोनबद्दल माझे मत आधीच सांगून टाकतो. सौर घटांसाठी म्हणून त्यावर खर्च केलेला पैसा वाया जातो. पण लेखक म्हणतो म्हणून हे मान्य करू नका. वही-पेन्सिल घ्या आणि हिशोब करा. तो आठवीच्या गणिताच्या पलीकडचा नाही.

स्वच्छ आकाश असताना भर दुपारी जमिनीवरच्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॉट इतकी सूर्याची शक्ती पडते. एका चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटिमीटर असतात, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला ०.१ वॉट येतो. आता तुमच्या घरातल्या फोनची लांबी-रुंदी पट्टीने मोजा. क्षेत्रफळ साधारण १०० चौरस सेंटिमीटर भरेल. कॅमेऱ्याची जागा सोडून देऊ आणि मोठ्या मनाने सगळी पाठ सौर घटांनी भरली आहे असे धरू. तिच्यावर १० वॉट शक्ती पडते. चांगल्या सिलिकॉन घटांची कार्यक्षमता २० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून हाती येतात २ वॉट. त्यातला थोडा भाग बॅटरी भरताना वाया जातो. उरले सुमारे १.७ वॉट.

फोनला लागते किती? ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आज साध्या फोनमध्येही असते. तिचा व्होल्टेज ३.८५ धरला तर तिच्यात सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा मावते. १९ ला १.७ ने भागा. उत्तर येते ११ तास, आणि तेही भर दुपारच्या उन्हाचे, फोन सतत सूर्याकडे तोंड करून धरलेला असताना. आपल्याकडे वर्षभराची सरासरी काढली तर दिवसभराचे ऊन सुमारे पाच ते साडेपाच तासांच्या भर दुपारच्या उन्हाइतके भरते. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोन अंगणात वाळवणासारखा टाकून ठेवला तरी बॅटरी कशीबशी अर्धी भरणार. तोवर फोनवर बोलणार कोण? ‘सोलर गुरू’च्या बाबतीत तर एक तास उन्हात ठेवल्यास पाच ते दहा मिनिटे बोलता येईल, असे कंपनीच सांगत होती.

तुम्ही म्हणाल, शास्त्रज्ञ आणखी चांगले घट शोधून काढतील. जरूर काढतील, परंतु इथे निसर्गाची एक मर्यादा आड येते. शॉकली आणि क्वाइसर या दोन शास्त्रज्ञांनी १९६१ साली दाखवून दिले, की एकाच पदार्थाच्या साध्या घटाची कार्यक्षमता सुमारे ३३ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. ती गाठली तरी फोनच्या पाठीवर ३.३ वॉटच मिळतील. निरनिराळ्या पदार्थांचे थर एकावर एक रचलेले घट याहून पुढे जातात; पण पाठीवर पडणारी शक्तीच १० वॉट असेल, तर जगातला कोणताही घट अकरावा वॉट देणार नाही.

शिवाय उष्णतेचे काय? विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात काळ्या पाठीचा फोन ठेवून पाहा (ठेवू नका, हेच खरे!). हाताला चटका बसेल इतका तो तापेल. बहुतेक फोन ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. लिथियमच्या बॅटरीला उष्णता मुळीच मानवत नाही. तिचे आयुष्य घटते. सिलिकॉन घटाचीही शक्ती तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्याने कमी होत जाते. म्हणजे घटाला ऊन हवे आणि बॅटरीला सावली हवी. अशा दोघांना एकाच डबीत कोंडण्यात कसला शहाणपणा? घडी घालता येणारी वेगळी सौर पट्टी उन्हात आणि तारेने जोडलेला फोन झाडाखाली, ही रचना कितीतरी चांगली.

मग सौर घटांवरचे मनगटी घड्याळ आणि गणकयंत्र कसे चालतात? सिटिझन कंपनीने तर १९७६ सालीच असे काट्यांचे घड्याळ केले होते. उत्तर सोपे आहे. त्यांची भूक वॉटच्या लक्षावधीव्या भागांत मोजावी इतकी लहान असते. फोनची भूक मोठी आहे आणि पाठ मात्र तळहाताएवढीच आहे.

खर्चाचेही पाहू. बॅटरी एकदा पूर्ण भरायला चार्जरमधील तूट धरून २५ वॉट-तास लागतात. एका युनिटमध्ये ती चाळीस वेळा भरते. युनिटला १० रुपये धरले तर एका वेळचे पंचवीस पैसे होतात. रोज भरली तरी वर्षाचे नव्वद-एक्याण्णव रुपये! एवढी बचत करण्यासाठी लाखो रुपये मोजणाऱ्याला सोन्याचा मुलामा हवा असतो, वीज नव्हे. हौसेला मोल नसते हे खरे, पण मग तिला पर्यावरणाचे नाव देऊ नये.

मला खरा राग या नावाचाच येतो. सौर घट तयार करताना बरीच ऊर्जा खर्च होते. छपरावर बसवलेला घट ती साधारण एक-दोन वर्षांत परत करतो आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे राबतो. तोच घट फोनच्या पाठीवर लावला की तो खिशात, दप्तरात किंवा कव्हराखाली अंधारात बसतो. समजा त्याला रोज पंधरा मिनिटे खरे ऊन मिळाले, तर छपरावरच्या घटाच्या मानाने ते विसाव्या हिश्श्याएवढेच झाले. जी परतफेड एका वर्षात व्हायची, तिला वीस वर्षे लागतील. तोवर हा फोन वापरात राहील का?

एक बाजू मात्र मी मोकळेपणाने मान्य करतो. पुरात वीज गेली किंवा सह्याद्रीत वाट चुकली, तर अर्ध्या तासाच्या उन्हातून मिळणारी थोडीशी ऊर्जाही मदतीला हाक मारण्यास पुरेल. २००९ साली भारनियमन सोसणाऱ्या खेड्यांसाठी स्वस्त ‘सोलर गुरू’ आणण्यामागे असाच विचार होता आणि तो टाकाऊ नव्हता. १९५८ साली व्हॅनगार्ड-१ या उपग्रहावर सौर घट बसवले तेही यासाठीच. तिथे तार पोचणार नव्हती. पण हजार-दीड हजार रुपयांची १०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक घरून भरून नेली, तर तिच्यात सुमारे ३७ वॉट-तास असतात. फोनच्या पाठीला तेवढे जमवायला चार दिवस लागतील, आणि पावसाळ्यात किती ते विचारूच नका.

शाळेच्या प्रयोगशाळेत एखादी लहान सौर पट्टी आणि मल्टिमीटर असेल, तर शिक्षकांच्या मदतीने एक प्रयोग करा. दुपारी बारा वाजता पट्टी सूर्याकडे तोंड करून धरा आणि प्रवाह टिपून घ्या. मग ती ६० अंशांनी कलती करा. आकडा जवळपास निम्म्यावर येईल. नंतर ती वर्गात ट्यूबलाइटखाली ठेवा. शेवटी फोन धरतो तशी बोटे तिच्या पाठीवर पसरा, आणि काटा कुठे जातो ते पाहा.