टॅक्स उतरला, पण जुन्या जीपचा बरोबर पार्ट कुठाय?

दारव्हा : पाऊस लागला की काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर नवी कोरी गाडीही फसते. तिथं चारही चाकांनी ओढणारी जुनी महिंद्रा जीप अजूनही कामाला येते. पण तिचा एक्सल गेला की मालकाची खरी धावपळ सुरू होते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. हजार रुपये मूळ किमतीच्या पार्टला आधी १२८० लागायचे, आता ११८० लागतात. शंभर वाचले खरे, पण पार्ट चुकीचा निघाला तर ११८० पाण्यात.

दुसरीकडे जुना मालच आटत चालला आहे. आधी सरकारी खात्यांच्या जीपा लिलावात निघायच्या, त्यांचे एक्सल कामी यायचे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी बंद झाली. लष्कर-पोलिसांच्या खास गाड्या सोडल्या तर बाकीच्यांची विल्हेवाट नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच लावायची आहे. धूर कमी करायचा तर हे धोरण योग्यच. पण त्यामुळे पार्टची एक वाट बंद झाली, हेही तितकंच खरं.

मग घोळ कुठं होतो? महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढं मॉडेल बदलत गेले, तसे एक्सलही बदलले. त्यात चार हात फिरलेल्या गाडीत आधीच्या मालकानं काय बसवलं, हे आरसी बुकात लिहिलेलं नसतं. त्यामुळे फोनवर नुसतं "जीपचा एक्सल पाठवा" म्हणून भागत नाही.

सगळ्यात महाग पडते ती रेशोची चूक. क्राउनचे दाते ४३ आणि पिनियनचे ८ असतील तर रेशो ५.३८. तेच ३९ आणि ८ असतील तर ४.८८. मागं एक आणि पुढं दुसरा बसला की फोर बाय फोर टाकल्यावर पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांत दहा टक्क्यांचा फरक पडतो. चिखलात चाक घसरून थोडं निभावतं, पण डांबरी रस्त्यावर सगळा ताण जॉइंट आणि ट्रान्सफर गिअरबॉक्सवर येतो. हजारांची बचत करता करता मोठा खर्च गळ्यात पडतो.

हाउसिंग न उघडताही रेशो कळतो. गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये, फोर बाय फोर काढून ठेवा. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक सोडा. मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि हातानं बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट जितके फेरे घेईल तो रेशो. पाचला जरा कमी भरले तर ४.८८, पाच पूर्ण होऊन वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त भरले तर ५.३८. गाडीखाली मात्र कुणी जाऊ नये, फेरे बाजूनंच मोजावे.

क्राउन आणि पिनियन जोडीनंच बदलावे, कारण ते एकमेकांशी घासून जुळवलेले असतात. एक्सल शाफ्ट घेताना लांबी आणि टोकाच्या स्प्लाइन मोजाव्या. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तोच सांगितला की दुसऱ्या कंपनीचंही बेअरिंग चालतं. ऑइल सीलची आतली, बाहेरची गोलाई आणि जाडी व्हर्नियरनं घ्यावी. जुना तुटका पार्ट सोबत नेणं सगळ्यात भरवशाचं. पक्कं बिल घ्यावं आणि त्यावर पार्ट नंबर लिहून मागावा. बिल नसेल तर माल परत करताना बोलायला तोंड राहत नाही.

आजवर ही सगळी मापं मिस्त्रीच्या डोक्यात असायची. जुनी गाडी आणि जुना मिस्त्री, दोन्ही कमी होत आहेत. म्हणून हाउसिंग उघडलं की दाते, नंबर, मापं वहीत टिपून ठेवावी, मोबाइलवर फोटोही काढावा. पुढच्या वेळी पार्ट शोधताना तेच कामी येईल.