समुद्र न पाहिलेल्यांसाठी

नारायणगडाच्या माथ्यावरून समुद्र दिसत नाही, आणि म्हणूनच की काय, आमच्या मुलुखात शौर्याची गोष्ट निघाली म्हणजे ती पायदळाचीच निघते. वस्तुतः 4 डिसेंबर 1971 रोजी, बॉयलरला तडा गेल्यामुळे पुरता वेगही न धरू शकणाऱ्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून आठ सी-हॉक विमानांनिशी पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बझारवर चालून गेलेले, आणि पुढील मोहिमांत विमानास मारा लागूनही ते हेलकावणाऱ्या डेकवर सुखरूप उतरविणारे लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांचे महावीर चक्र प्रत्येक शाळेच्या दप्तरी नोंदले जावयास हवे होते. त्याच भारत-पाक युद्धात, 10 डिसेंबरला, लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय यांचे आलिझे विमान परतलेच नाही.

‘विक्रांत’ 2014 साली मुंबईच्या दारूखान्यात मोडीत निघाली. तिचे थोडे पोलाद मोटारसायकलींच्या टाकीवर चढले. स्मरणाची ही तऱ्हा चमत्कारिक खरी, तरी अगदीच त्याज्य म्हणवत नाही. तथापि गोव्यास सहली नेणाऱ्या आमच्या मुख्याध्यापकांनी बोगमाळ्याच्या नौदल विमान संग्रहालयासाठी एक तास अवश्य राखून ठेवावा. सी-हॉक तेथे उभे आहे.